सायकलवर तुमचा ॲव्हरेज स्पीड किती पडतो? आणि लांब गेल्यावर तो एवढा का घसरतो?

वारजेकर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली सायकल परत सुरू करून, वय ४१, वजन ७४, साधी हायब्रीड आहे, ७०० बाय ३८ चे टायर. रोज सकाळी वारजे ते खडकवासला, पुढे पानशेत रस्त्याला थोडं आणि परत, साधारण ४० किमी होतात आणि ॲव्हरेज २२ च्या आसपास पडतो, कधी २२.५ कधी २१.८. मला वाटत होतं बरं चाललंय आपलं.

मग दिवाळीनंतर आम्ही तिघं पुणे ते महाबळेश्वर गेलो. १२० किमी. मनात हिशोब असा की २२ नाही तरी २० ने गेलो तर सहा तासात पोचू, सकाळी पाचला निघालो की अकरा वाजता वर नाश्ता. प्रत्यक्षात पोचलो दुपारी २ वाजून २० मिनिटांनी. वाईपर्यंत ठीक होतं, पण पसरणी घाटात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये. काटा ९ वर, मग ७, मग ६, एका वळणावर तर सायकल चालतीये का उभी आहे तेच कळेना. कठड्यावर बसलो, बाटलीत एक घोट पाणी उरलेलं आणि तेही कोमट, मांडीत गोळे आलेले, हात लावला तर त्वचेखाली स्नायू आपोआप उडत होता. सोबतचे दोघं पुढे निघून गेलेले. त्यातला एक माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आणि रोजच्या राइडला कायम माझ्या मागे असतो.

आता जानेवारीत २०० किमीची बीआरएम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, नाव नोंदवलंय, पैसे भरलेत. १३ तास ३० मिनिटांची वेळ. मला जमेल का? आणि स्पीड नक्की कशाने वाढतो, सायकल बदलू, टायर बदलू, का व्यायाम वाढवू? ज्यांनी लांबची राइड केलीये त्यांनी कृपया सविस्तर लिहा, तुमचे आकडेही द्या.

रानवाट

आधी दोन प्रश्न. महाबळेश्वरचा आकडा मूव्हिंगचा, म्हणजे थांबे वगळून आहे, का एकूण वेळेचा? आणि टायरमधे हवा शेवटची कधी भरली होती?

वारजेकर

ॲपने मूव्हिंग ॲव्हरेज १६.५ दाखवला. एकूण वेळ ९ तास २० मिनिटं. हवा निघायच्या आधी... खरं सांगायचं तर दोन-तीन आठवडे भरली नव्हती, अंगठ्याने दाबून बघितली होती, कडक वाटली.

रानवाट

मग तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत भाऊ. १२० ला १६.५ ने भागा, ७ तास १६ मिनिटं. म्हणजे दोन तासांच्या वर तुम्ही उभे होतात. चहा, फोटो, मित्राची वाट बघणं, परत चहा. एकूण वेग काढला तर १३ पण नाही येत. याच चालीने २०० ला साडेपंधरा तास लागतील, बीआरएमची वेळ कधीच संपलेली असेल. बीआरएममधे घड्याळ थांबत नाही, तुम्ही मिसळ खात असलात तरी ते चालूच असतं. सकाळी सहाला सुटलात की संध्याकाळी साडेसातपर्यंत शेवटच्या कंट्रोलला, म्हणजे नोंदणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का पाहिजे. मधल्या कंट्रोललाही वेळ असते, १०० किमीला ६ तास ४० मिनिटं.

आणि अंगठ्याने हवा कळत नाही हो. ३८ च्या टायरला ३५ पीएसआय असलं तरी अंगठ्याला कडकच लागतं. काट्यावाला फुटपंप घ्या, तुमच्या वजनाला ५५ ते ६० ठेवा, मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त. टायरच्या बाजूला कमाल आकडा लिहिलेला असतो, त्याच्या वर जाऊ नका. सगळ्यात स्वस्तात मिळणारा स्पीड आहे हा.

हिशोबी

मी व्यवसायाने मेकॅनिकलवाला आहे आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे त्यामुळे जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

सपाटीवर तुम्ही जोर लावता तो मुख्य करून दोन गोष्टींविरुद्ध, हवा आणि टायरचं घर्षण. टायरचा विरोध वेग वाढला तरी साधारण तेवढाच राहतो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, हायब्रीडवर पाठ उभी ठेवून बसता असं धरलं, तर माझ्या हिशोबाने २० च्या वेगाला साधारण ७५ वॉट लागतात, २५ ला १२० च्या पुढे, आणि ३० ला १९०. म्हणजे २० वरून ३० ला जायचं तर वेग दीडपट पण मेहनत अडीचपट. म्हणून २२ वरून २४ ला जायला महिनोनमहिने लागतात आणि माणूस उगाच निराश होतो.

चढावर गणित उलटं होतं. तिथे वेग इतका कमी की हवेचा काही संबंध राहत नाही, सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या जवळ, घाट दहा-अकरा किमीचा, म्हणजे सरासरी पाच-साडेपाच टक्के चढ. या चढावर ताशी १० ने जायला तुम्हाला सुमारे १४० वॉट लागतील. तेवढ्याच ताकदीत तुम्ही खडकवासल्याच्या रस्त्याला २६ ने गेला असतात! त्यामुळे घाटात काट्यावर ९ दिसलं म्हणून घाबरू नका, ९ हा तिथला चांगला वेग आहे. तुम्ही बहुतेक पहिले दोन किमी १३-१४ ने मारले असणार आणि तिथेच पाय संपवले.

आता ॲव्हरेजची गंमत. समजा २० किमी चढ आहे आणि तोच परत उतार. चढताना १०, उतरताना ४०. ॲव्हरेज किती? लोक पटकन २५ म्हणतात. पण चढायला दोन तास लागले आणि उतरायला अर्धा, ४० किमी अडीच तासात, म्हणजे १६. चढावर गमावलेला वेळ उतारावर परत मिळत नाही, कारण उतारावर तुम्ही फार कमी वेळ असता. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस उतारावर जिवावर उदार होऊन सायकल सोडणं बंद करतो.

वाऱ्याचंही तसंच. सपाट रस्ता, २० ने जायची तुमची ताकद, समोरून १५ चा वारा आला की त्याच ताकदीत तुम्ही १३ वर येता. परतीला तोच वारा पाठीशी असेल तर २८ मिळतात. पण जाऊन येऊन ॲव्हरेज १८ च्या आत येतो, २० नाही. वारा जेवढं घेतो तेवढं परत देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता.

मुक्काम_सातारा

हिशोबी साहेबांना +१. आमच्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. जून-जुलैत ठोसेघरच्या वरच्या अंगाला सायकल घेऊन जा, उतार असूनही पेडल मारावं लागतं.

वेगवान

मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे सावकाश जा सावकाश जा म्हणतायत पण स्पीड वाढवता येतो आणि वाढवावा. मी दीड वर्ष हायब्रीडवर २३ ला अडकलो होतो. दोन गोष्टी केल्या. रोडबाइक घेतली आणि आठवड्यातून दोनदा सराव बदलला, म्हणजे तीन मिनिटं जीव तोडून, तीन मिनिटं हळू, असे सहा वेळा. चार महिन्यात ६० किमीला २७ यायला लागला. रोज तेच ४० किमी त्याच २२ ने केले तर शरीराला बदलायची गरजच वाटत नाही. वारजेकर, तुम्ही नेमकं तेच करताय.

हिशोबी

सरावाचं पटलं, शंभर टक्के. रोडबाइकचंही खरंय, फक्त कारण वजन नाहीये. लोक दोन किलो हलक्या सायकलसाठी तीस हजार जास्त मोजतात. ८५ किलोतले दोन किलो म्हणजे सव्वादोन टक्के, अख्ख्या पसरणीत दीड मिनिट वाचेल. रोडबाइकवर फरक पडतो तो वाकून बसण्याने, छाती वाऱ्याला कमी लागते. हायब्रीडवरही कोपर वाकवून, खांदे खाली घेऊन बसलं की काटा एक-दीडने वर जातो, आज संध्याकाळी करून बघा. शर्ट फडफडत असेल तर तोही घट्ट घाला.

शिवाय कोणाच्या तरी मागे रहा. पुढच्याच्या चाकामागे हात-दीड हात अंतरावर राहिलात तर सपाटीला पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. फक्त अनोळखी माणसाच्या इतकं जवळ जाऊ नका, आणि हायवेला ट्रकच्या मागे तर अजिबातच नको.

काळी_सायकल

माझं वय ६३. मी आयुष्यभर चोवीस इंची काळी सायकल चालवली, कारखान्यात जायला यायला रोज २६ किमी, बत्तीस वर्षं. गियर नाही. ॲव्हरेज कधी मोजला नाही पण घरून ६.१० ला निघालो की ७ ला दहा कमी असताना गेटवर असायचो, म्हणजे बघा किती होतो ते. आता मुलाने गियरची घेऊन दिलीये.

लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला आम्ही खंडाळ्याला जायचो. बोरघाट पहिला चढून येणाऱ्याला घाटाचा राजा म्हणायचे, त्याचं फार कौतुक. वडील मला तेव्हा सांगायचे की पोरा, चढताना त्याच्या खांद्याकडे बघ, हलतायत का. ज्याचे खांदे हलत नाहीत तो पुण्यापर्यंत टिकतो. मी पुढे आयुष्यभर ते लक्षात ठेवलं. चढावर हँडल ओढायचं नाही, दात आवळायचे नाहीत, श्वास नाकातोंडाने सुटा ठेवायचा. वारजेकर, तुमच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा असलेला तो मित्र पुढे गेला ना, त्याला विचारा तो घाटात काय करत होता. बहुतेक सांगेल काही नाही, नुसता चालवत होतो.

वारजेकर

काका, आत्ताच फोन करून विचारलं. अक्षरशः हेच म्हणाला. "पहिल्या वळणापासून सगळ्यात हलका गियर टाकला आणि गाणी म्हणत गेलो." मी मोठ्या गियरवर उभा राहून मारत होतो.

गोदाकाठ

नाशिकहून लिहितेय. मी दोन वर्षांपूर्वी एसआर पूर्ण केली, म्हणजे एकाच सीझनमधे २००, ३००, ४०० आणि ६००. सपाटीला माझा मूव्हिंग ॲव्हरेज २१ च्या वर कधीच नव्हता आणि आजही नाही. माझ्याबरोबर २६-२७ ने जाणारी मुलं ४०० ला डीएनएफ झाली, म्हणजे पूर्ण करू शकली नाहीत, आणि मी पंचवीस तासात आले. यात माझी काही विशेष ताकद नाही, मी फक्त थांबत नाही.

बीआरएमच्या वेळा नीट बघा. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. भागाकार केला तर सगळीकडे १५ च्या आसपास. ही शर्यत नाहीये, निकालात क्रमांक लावत नाहीत, आठ तासात आलेला आणि तेरा तासात आलेला दोघांना तोच मान. त्यामुळे १५ च्या वर किती वेळ शिल्लक आहे एवढंच बघत जायचं. मी दर तासाला मनात हिशोब करते, माझी बँक म्हणते मी त्याला. २० ने गेले की तासाला २० मिनिटं बँकेत जमा. चहाला थांबले की वजा.

थांबण्याची शिस्त अशी: थांबायच्या आधीच ठरवते की काय काय करायचं. बाटल्या भरायच्या, केळं घ्यायचं, बाथरूम, निघायचं. हॉटेलात खुर्चीवर बसायचं नाही. बसलं की पाय गार पडतात आणि पंधरा मिनिटांची चाळीस होतात. जेवायला एकदाच बसते, तेही वरणभात किंवा दहीभात. मिसळ, वडे वगैरे राइड संपल्यावर.

आणि आमच्या नाशिकचा अभिमान म्हणून सांगते, महाजन बंधू, दोघेही डॉक्टर, त्यांनी २०१५ ला रॅम, म्हणजे अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायची सायकल शर्यत, दोघांच्या टीममधे पूर्ण केली, जवळपास ४८०० किमी, नऊ दिवसांच्या आत. मग २०१७ ला नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच रॅम एकट्याने पूर्ण केली, बारा दिवसांच्या आत. झोप, जेवण, सगळं धरून त्यांचा एकूण वेग काढून बघा, ताशी सतराच्या आसपास येतो! इतक्या मोठ्या रायडरचा आकडा सतरा. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला रडू आलं होतं, कारण तोपर्यंत मी स्वतःला स्लो म्हणून ग्रुपमधे मागे मागे राहायचे.

वेगवान

ताई, हे सतराचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण टीव्हीवर टूर द फ्रान्सचा चाळीसच्या वरचा ॲव्हरेज बघतो, किंवा ट्रॅकवर फिलिप्पो गान्नाने २०२२ ला एका तासात ५६.७९२ किमी केले ते वाचतो, आणि स्वतःला त्याच्याशी लावत बसतो. पण तिथे ट्रॅक बंदिस्त, वारा नाही, सिग्नल नाही आणि सगळं एकाच तासाचं. माझं सरावाचं म्हणणं मात्र कायम आहे, ज्याचा वरचा स्पीड जास्त त्याला १८ ने जाणं सोपं जातं.

गोदाकाठ

ते मान्य. सराव हवाच.

दवाखाना_बंद

मी फिजिशियन आहे, सायकल हौशी. वारजेकरांच्या मांडीतले गोळे आणि कोमट पाण्याचा शेवटचा घोट वाचून लिहावंसं वाटलं.

स्नायूंमधे आणि यकृतात साठवलेली साखर जोरात सायकल चालवली तर दोन तासात बरीचशी संपते. तुमची रोजची ४० किमी पावणेदोन तासात होते, म्हणजे तुम्ही कधी त्या रेषेच्या पलीकडे गेलाच नाहीत, रिकाम्या पोटी जाऊन आलात तरी चालत होतं. १२० किमीला तसं चालत नाही. पहिल्या तासापासूनच खात रहा, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, त्याच्या जोडीला राजगिऱ्याची वडी किंवा दोन खजूर. भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो, मग डोळ्यापुढे अंधारी, चिडचिड, आणि पाय आहेत पण त्यात जोर नाही अशी अवस्था.

पाणी नुसतं नको, घाम जास्त असेल तर ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. एक गोष्ट लक्षात ठेवा, ऊन वाढलं आणि शरीरातलं पाणी कमी झालं की त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. सकाळी २० ला १३० ठोके असतील तर दुपारी बाराला त्याच २० ला १४५ होतात. तिथे काट्याच्या मागे लागू नका, ठोके बघा किंवा साधी कसोटी, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का. येत नसेल तर हळू व्हा. आणि मधुमेह, रक्तदाब, छातीत दुखण्याचा काही इतिहास असेल तर आधी तपासून घ्या, हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी.

उत्रेख्त_मुक्कामी

नेदरलँड्समधून. इथे आजीबाईसुद्धा सायकलवर असतात, पाठ ताठ, पुढे बास्केट, आणि चाल १५-१६. घाट नाहीत पण वारा आहे. नोव्हेंबरात बांधावरच्या रस्त्याने ऑफिसला जाताना ११ किमीला कधी ३० मिनिटं लागतात कधी ५०, तीच सायकल, तोच मी. पुण्यात असताना मी सॅडल खूप खाली ठेवायचो, पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. इथल्या दुकानदाराने पहिल्या दिवशी टाच पेडलवर ठेवायला लावली आणि पेडल खाली असताना गुडघा सरळ होईपर्यंत सॅडल वर घेतली. चार बोटं वर गेली असेल. गुडघेदुखी थांबली आणि वेगही वाढला. वारजेकर तुम्ही हे तपासलंय का?

वारजेकर

तपासलं, तीन बोटं वर घेतली. फुटपंपही आणला, काटा लावला तर मागच्या टायरमधे ३२ निघाले! सगळ्यांचे मनापासून आभार, आता राइड झाली की येतो.

वारजेकर (पाच आठवड्यांनी)

झाली. २०० पूर्ण. १२ तास २० मिनिटं.

मूव्हिंग ॲव्हरेज १९.४, म्हणजे १० तास १९ मिनिटं सायकलवर आणि २ तास १ मिनिट खाली. महाबळेश्वरला १२० किमीत जेवढं थांबलो होतो तेवढंच इथे २०० मधे.

रस्ता कात्रजवरून शिरवळ, खंबाटकी घाट, आनेवाडीच्या पुढपर्यंत आणि परत. पहिली ४० किमी मला सगळे ओलांडून जात होते आणि ते सहन करणं हेच सगळ्यात अवघड होतं, खरंच सांगतो. पाय ताजे, थंडी छान, मागून येणारा प्रत्येकजण पुढे जातोय. हँडलवर चिकटपट्टी लावून त्यावर पेनने १५ लिहून ठेवलं होतं, तिकडे बघत राहिलो. १०० च्या कंट्रोलला ११.२० ला पोचलो, बँकेत एक तास वीस मिनिटं. तिथे सकाळी मला मागे टाकून गेलेले सातजण खुर्च्यांवर बसलेले दिसले. मी बाटल्या भरल्या, दहीभात खाल्ला, २१ मिनिटात बाहेर.

परतीला वारा समोरून. १६, कधी १५. कोपर वाकवून बसलो, एक अनोळखी काका भेटले, विचारलं मागे राहू का, ते म्हणाले या की, पाच-पाच किमी आलटून पालटून ओढू. शिरवळच्या अलीकडे मागचा टायर बसला. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवलं तर टोचलं, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली तार, केसाएवढी बारीक, पण अर्ध्या इंचाची. नखात धरून निघेना, शेवटी काकांनी त्यांच्या नेलकटरने ओढली. ती तशीच ठेवून नवीन ट्यूब टाकली असती तर दोन किमीत परत पंक्चर होतं. २२ मिनिटं गेली. काका थांबले, मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे, ते गेले नाहीत.

६.२० ला शिक्का मिळाला. दर तासाला केळं किंवा वडी, गोळे एकदाही नाहीत.

गोदाकाठ

अभिनंदन!! तार जपून ठेवा. आता ३०० ला या. रात्री वेग दोन-तीनने कमी होतो, दिसत नाही आणि डोकं दमतं, तेवढा हिशोबात धरा. दिवा चांगला घ्या आणि दुसरा बरोबर ठेवा.

काळी_सायकल

वा. खंबाटकीत सायकलवरून उतरलात का?

वारजेकर

नाही काका. सुरुवातीलाच हलका गियर टाकला, काटा ८ वर होता, मग बघितलाच नाही. खांदे हलतायत का तेवढं बघत होतो. पाय टेकला तो थेट घाटमाथ्यावर.